यादीतले नाव आणि बांधीतले धान

जुनी यादी हाती लागली की अभ्यासकाला जो आनंद होतो तो थोडासा फसवा असतो. पिवळ्या पडलेल्या कागदावर छापलेले एक नाव आणि समोर मातीत उभे असलेले एक झाड, यांची गाठ घालून देण्याचा मोह आवरणे कठीण जाते. नाव अनाथ, झाडही अनाथ; दोघांचे लग्न लावून दिले की दोन्ही मार्गी लागले, असे वाटते. या घाईबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही, कारण ती घाई बहुतेक वेळा प्रेमापोटी झालेली असते. नामशेष होत चाललेले काही वाचवावे, या भावनेशी वाद कोण घालणार?

प्रस्तुत लेखात मला जे म्हणायचे आहे ते थोडक्यात असे. जुन्या याद्या ओळख पटवण्यापेक्षा ओळख नाकारण्याच्या कामी अधिक विश्वासू असतात. हा भेद ज्यांनी पाळला त्यांनी जुन्या वाणांची मोठी सेवा केली. ज्यांनी पाळला नाही त्यांनी नकळत एका वाणावर दुसऱ्याचे नाव लादले. भंडारा जिल्ह्यासारख्या धानाच्या मुलखात आज पारंपरिक वाणांच्या नावांना बाजारभाव आणि कायदेशीर हक्क चिकटले आहेत. तेथे ही चूक झाली तर तिची किंमत अभ्यासकाला नव्हे, शेतकऱ्याला मोजावी लागेल.

विषयाची सुरुवात गुलाबापासून करणे सोयीचे आहे, कारण जुन्या छापील याद्यांवरून वाण ओळखण्याची विद्या गुलाबाच्या बाबतीत जितकी जोपासली गेली तितकी क्वचितच दुसऱ्या वनस्पतीच्या बाबतीत गेली असेल. एकोणिसाव्या शतकात फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या रोपवाटिका दरवर्षी आपली सूचीपत्रे छापत. नव्या गुलाबाला नाव मिळे, त्याचे दोन ओळींचे वर्णन होई, किंमत लागे. अशा नावांचा पूर पुढे इतका वाढला की सिमों आणि कोशे या फ्रेंच जोडीने 1899 साली प्रसिद्ध केलेल्या नामकोशात सुमारे 11,000 नावे भरली. त्यांतले पुष्कळ गुलाब पुढच्या पन्नास वर्षांत बाजारातून हद्दपार झाले. बाजारातून गेले म्हणजे जगातून गेले असे मात्र नव्हे. जुन्या दफनभूमीत, ओसाड पडलेल्या घराच्या कुंपणाशी, खेड्यातल्या एखाद्या म्हातारीच्या अंगणात ते उभे होतेच, फक्त त्यांना कोणी नावाने हाक मारीत नव्हते. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये 1980 च्या दशकात काही हौशी मंडळींनी अशा झुडपांच्या काड्या गोळा करण्याचा उद्योग सुरू केला. स्वतःला ते गमतीने 'गुलाबचोर' म्हणवून घेत. काडी रुजली, फूल आले, की मग जुनी सूचीपत्रे उघडून नावाचा शोध सुरू होई.

आता या सूचीपत्रांचे स्वरूप पाहावे. ते विक्रीचे कागद होते. 'मोठे, भरगच्च, अत्यंत सुगंधी, सतत फुलणारे' ही विशेषणे जवळजवळ प्रत्येक गुलाबाला लागत. एका रोपवाटिकेचे वर्णन दुसरी जसेच्या तसे उचली. 'गर्द किरमिजी' म्हणजे नेमके काय, हे छपाईतून कळण्याची सोय नसे; आणि तोच गुलाब लियाँच्या हवेत एक रंग दाखवी, टेक्सासच्या उन्हात दुसरा. अशा वर्णनाशी समोरचे फूल 'जुळले' याचा अर्थ फार मर्यादित असतो. ज्या वर्णनाशी दोनशे गुलाब जुळतात त्याच्याशी हाही जुळला, एवढाच तो अर्थ.

मग सूचीपत्रांचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो मोठा आहे. विशेषणे सैल असली तरी काही गोष्टी घट्ट असतात. सूचीपत्रावरचे साल ही पहिली. एखादे झुडूप अमुक साली लावले गेले याचा भरवशाचा पुरावा असेल, आणि ज्या गुलाबाचे नाव आपण त्याला देऊ पाहतो तो गुलाब त्यानंतर दहा वर्षांनी विक्रीस आला असेल, तर चर्चा तेथेच संपते. झाडाची ठेवण ही दुसरी गोष्ट: झुडूप की वेल, वर्षातून एकदा फुलणारे की पुनःपुन्हा. विक्रेता सुगंधाबद्दल अतिशयोक्ती करील, पण झुडपाला वेल म्हणून विकणे त्याला परवडत नाही. म्हणजे सूचीपत्र 'हा तोच' असे छातीठोकपणे क्वचितच सांगू शकते. 'हा तो नव्हे' हे मात्र पुष्कळदा ठामपणे सांगते.

'सोंब्रुय' या पांढऱ्या गुलाबाची हकीगत या दृष्टीने बोधप्रद आहे. 1850 च्या सुमारास फ्रान्समध्ये या नावाचा एक चहागंधी गुलाब निघाला. विसाव्या शतकात अमेरिकेत याच नावाने एक सुंदर वेलगुलाब घरोघरी लावला गेला. लोकांनी त्याच्यावर मनापासून प्रेम केले. जुनी वर्णने नीट वाचणाऱ्यांनी मात्र शंका काढली: सूचीपत्रांतला सोंब्रुय झुडूपवजा आहे, आणि हा तर भिंतीवर चढतो. अखेरीस अमेरिकन गुलाबसंस्थेने या वेलीला 'कलोनियल व्हाइट' हे वेगळे नाव मान्य केले. 1959 साली तिथल्या एका रोपवाटिकेने त्या नावाने ती विकली होती. येथे सूचीपत्रांनी गुलाब ओळखला असे म्हणता येत नाही. त्यांनी एक खोटी ओळख मोडली, आणि तेच त्यांचे खरे काम होते.

या मंडळींनी आणखी एक शहाणपणाची प्रथा पाडली. ज्या गुलाबाची ओळख पटली नाही त्याला ते सापडल्या जागेचे किंवा सांभाळणाऱ्या माणसाचे नाव देतात आणि ते दुहेरी अवतरणांत लिहितात. "कॉल्डवेल पिंक" म्हणजे कॉल्डवेल गावी सापडलेला गुलाबी. "मॅगी" म्हणजे एका आजीच्या अंगणातला. नोंदलेल्या वाणाला एकेरी अवतरण, सापडलेल्या वाणाला दुहेरी. वाचणाऱ्याला अवतरणचिन्हावरूनच कळते की हे नाव तात्पुरते आहे, पुरावा मिळेपर्यंतचे आहे. अज्ञान लपवण्याऐवजी ते नोंदवून ठेवण्याची इतकी साधी आणि इतकी प्रामाणिक पद्धत मी दुसऱ्या कुठल्या शास्त्रात पाहिलेली नाही.

हिंदुस्थानाचा आणि या कहाणीचा संबंध जुना आहे. चीनमधले सतत फुलणारे गुलाब अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी युरोपात पोचले, त्या प्रवासात कलकत्त्याचे वनस्पती उद्यान हा एक महत्त्वाचा मुक्काम होता. बूर्बाँ बेटावर, म्हणजे आजच्या रेयुनियोंवर, कुंपणांत वाढणाऱ्या 'एदुआर' गुलाबाचे बी 1819 च्या सुमारास पॅरिसला गेले आणि त्यातून बूर्बाँ गुलाबांचा वंश निघाला. आपल्याकडे उत्तरेत कलमासाठी खुंट म्हणून 'एडवर्ड' गुलाब वापरतात तो याच गोतावळ्यातला. मात्र आपल्या अंगणातल्या गुलाबाची यादी आपण कधी केली नाही. 1863 साली रेव्हरंड फर्मिंजर यांनी बंगाल आणि उत्तर हिंदुस्थानासाठी बागकामाचे जे पुस्तक लिहिले ते साहेबांच्या बागांसाठी होते. भंडाऱ्याच्या किंवा नागपूरच्या जुन्या वाड्यातल्या विहिरीजवळच्या गुलाबाला घरचे लोक 'देशी गुलाब' म्हणत आले. देवाला वाहायचा, गुलकंदाला घालायचा. त्याला याहून अधिक नावाची गरज कोणाला पडली नाही. अशा झाडाला फ्रेंच सूचीपत्रातले एखादे सरदारी नाव चिकटवणे हे ज्ञान नव्हे, हौस आहे.

भंडाऱ्यात गुलाबाला नाव नाही. पण ज्या पिकावर हा जिल्हा जगतो त्या धानाला नावेच नावे आहेत, आणि त्या नावांच्या जुन्या याद्याही आहेत. गुलाबावरून जो प्रश्न सुचतो तो येथे खऱ्या अर्थाने भिडतो.

वैनगंगेचे खोरे, मालगुजारी तलाव, बोड्या, बांध्या, आषाढातली रोवणी असा हा मुलूख. हलके, मध्यम आणि भारी धान जमिनीच्या चढउताराप्रमाणे आणि पाण्याच्या भरवशाप्रमाणे निवडायचे, ही येथली परंपरा. चिन्नोर, दुबराज, लुचई, काळी कमोद, हिरानखी ही नावे पूर्व विदर्भ, बालाघाट आणि छत्तीसगड या सलग भातपट्ट्यात जुन्या माणसांच्या तोंडी अजून येतात. इंग्रजी अमदानीत या पिकाची नोंद सुरू झाली. जॉर्ज वॉट यांच्या 1889 ते 1893 या काळात निघालेल्या आर्थिक वनस्पतींच्या महाकोशात भाताला भलेमोठे प्रकरण मिळाले. 1908 साली आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेले भंडारा जिल्ह्याचे गॅझेटिअर आले. 1913 साली मध्य प्रांताचे वनस्पतिशास्त्रज्ञ आर. जे. डी. ग्रॅहॅम यांनी या प्रांतातल्या भाताच्या वर्गीकरणाचे प्राथमिक टिपण प्रसिद्ध केले. पुढे स्वातंत्र्यानंतर, 1971 पासूनच्या पाचसहा वर्षांत, डॉ. रा. ह. रिछारिया यांनी रायपूरला बसून तेव्हाच्या मध्य प्रदेशातून भाताचे सुमारे 19,000 नमुने गोळा केले. तोवर भंडारा महाराष्ट्रात आलेला होता. नैसर्गिकदृष्ट्या एक असलेल्या या भातपट्ट्याची कागदपत्रे राज्यांच्या सीमेने दोन ठिकाणी वाटली गेली.

इतक्या याद्या असताना आजच्या एखाद्या बांधीतल्या धानाची ओळख त्यांवरून पटवायला हरकत कोणती, असे कोणी विचारील. हरकत अशी की धान म्हणजे गुलाब नव्हे.

गुलाब काडीने वाढतो. 1850 साली लियाँत फुललेल्या झुडपाची काडी, त्या झुडपाच्या काडीची काडी, असे करत आज जे रोप आपल्यापुढे आहे ते शरीराने तेच झाड आहे. अधूनमधून एखादी फांदी रंग बदलते, पण तो अपवाद. म्हणून सूचीपत्रातले नाव एका विशिष्ट झाडाचे नाव असते आणि ते झाड अक्षरशः आजही जिवंत असू शकते. धान वर्षायू आहे. ते दरवर्षी मरते आणि बियाण्यातून पुन्हा जन्मते. भात मुख्यतः स्वपरागित असल्याने संकर थोडा होतो, पण होतो. खळ्यावर मिसळ होते, उसनवारीच्या पायलीत मिसळ होते, पुराने बांधी फुटली की मिसळ होते. शिवाय शेतकऱ्याचा जुना वाण मुळातच एकजिनसी नसतो. त्यात किंचित उंच, किंचित लवकर निसवणारी, किंचित जाड दाण्याची अशी अनेक कुळे एकत्र नांदत असतात. त्यांतले कोणते टिकावे हे दरवर्षी पाऊस ठरवतो आणि बियाण्यासाठी लोंब्या निवडणारा हात ठरवतो. म्हणून 1913 सालचा 'लुचई' आणि आजचा 'लुचई' यांचे नाते एका झाडाचे नाही. ते एका गावाच्या दोन पिढ्यांसारखे आहे. गाव तेच, आडनावे तीच, माणसे बदललेली. यादी गावाचे नाव सांगते. समोर उभा असलेला माणूस कोण, हे यादीला विचारून कळत नाही.

दुसरी अडचण भाषेची आहे, आणि साहित्याच्या वाचकाने तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे अशी ती आहे. भंडारा हा झाडीबोलीचा प्रदेश. या बोलीत प्रमाण मराठीतला 'ळ' सामान्यतः 'र' होतो, 'ण' चा 'न' होतो. घरात 'कारी' म्हटली जाणारी कमोद शाळेत शिकलेला मुलगा 'काळी' लिहितो आणि हिंदी कारकून 'काली'. इंग्रज अधिकाऱ्याने कोणाच्या तोंडून ऐकले, दुभाषा कोण होता, यावर रोमन लिपीतले रूप ठरले. मग तीन रूपे तीन वाण म्हणून नोंदली जाणे शक्य आहे. आणि उलट, दोन वेगळे वाण ध्वनी जुळल्यामुळे एकाच नावाखाली दडपले जाणेही शक्य आहे. चिन्नोर, चिनोर, चिन्नूर ही रूपे आजही वेगवेगळ्या कागदांवर दिसतात. हस्तलिखितांची पाठचिकित्सा करणारा संपादक अशा ठिकाणी थांबतो, प्रती लावतो, नकलाकाराची बोली विचारात घेतो. धानाच्या याद्यांची अशी पाठचिकित्सा झाली पाहिजे. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांना जी काळजी आपण देतो तिच्या दशांशाने तरी काळजी या याद्यांना द्यायला काय हरकत आहे? त्याही एका अर्थाने पोथ्याच आहेत. फक्त त्यांतले ओवीकार निरक्षर होते.

इथपर्यंतची चर्चा विद्वानांच्या ओसरीवरची वाटू शकेल. ती तशी राहिली नाही, याचे कारण भौगोलिक मानांकन. 1999 साली संमत झालेला आणि 2003 साली अमलात आलेला हा कायदा एखाद्या पदार्थाचे नाव त्याच्या प्रदेशाला बांधून देतो. त्यासाठी उगमाचा पुरावा लागतो, आणि पुरावा म्हटला की जुने गॅझेटिअर, जुना अहवाल, जुनी यादी हे सारे कपाटातून बाहेर येते. बालाघाटच्या चिन्नोरला 2021 साली मानांकन मिळाले. भंडाऱ्याच्या चिन्नोरलाही त्यानंतर स्वतंत्र मानांकन मिळाले. दोन्ही ठिकाणच्या शेतकऱ्यांना त्याचा लाभ व्हावा, याबद्दल दुमत नाही. पण इतिहास काय सांगतो? बालाघाट जिल्हा 1867 साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून बनवला गेला. 1956 साली राज्य पुनर्रचना झाली तेव्हा भंडारा मुंबई राज्यात आला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. 1999 साली भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. वैनगंगेच्या काठाने सासरी जाणाऱ्या मुलीच्या ओटीत जे धान पडले त्याला यांतली एकही रेघ ठाऊक नव्हती. 1867 पूर्वीच्या एखाद्या कागदात 'भंडाऱ्याचे धान' असा उल्लेख सापडला, तर तो आजच्या कोणत्या जिल्ह्याचा पुरावा मानायचा? जुना कागद असा प्रश्न सोडवत नाही. तो फक्त इतके सांगतो की त्या काळी हे नाव त्या परिसरात होते. तेवढे सांगणेही मोलाचे आहे. त्याहून अधिक त्याच्याकडून वदवून घेणे म्हणजे साक्षीदाराला पढवणे.

यावर एक सबळ आक्षेप येईल आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. नाव बांधले नाही तर व्यापारी कोणताही बारीक तांदूळ चिन्नोर म्हणून विकतील. थोडी चूक पत्करून का होईना, ओळख पक्की केलेली बरी. हा आक्षेप मी हलका मानत नाही. सुवासिक तांदळाच्या बाजारात लबाडी भरपूर आहे. पण ओळख पक्की करण्याचे काम कोणाकडे सोपवायचे हा प्रश्न उरतोच. सुवासाकडे सोपवता येत नाही, कारण सुवासिक भातांचा वास मुख्यत्वे एकाच संयुगामुळे येतो आणि बासमतीपासून थायलंडच्या तांदळापर्यंत बहुतेकांत त्यामागचा जनुकीय बदलही एकाच जनुकातला आहे. वास हे कुळाचे लक्षण झाले, व्यक्तीचे नव्हे. डीएनए तपासणीकडेही संपूर्णपणे सोपवता येत नाही. दोन नमुने एकमेकांशी किती जवळचे आहेत हे ती उत्तम सांगते, पण त्यांतला 'खरा चिन्नोर' कोणता हे सांगण्यासाठी तिला आधी कोणीतरी 'हा खरा' असा संदर्भ नमुना द्यावा लागतो. 1913 च्या छापील यादीला डीएनए नाही. मग संदर्भ नमुना कोठून यायचा? तो आजच्याच कोणाच्या तरी बांधीतून येणार. कोणाच्या, हा निर्णय शास्त्राचा नसून सामाजिक आहे, आणि येथेच मला धोका दिसतो. एका गावाचा नमुना प्रमाण ठरला की शेजारच्या गावचा, किंचित आखूड दाण्याचा, किंचित उशिरा निसवणारा चिन्नोर एका दिवसात 'भेसळ' ठरू शकतो. तीन पिढ्या सांभाळलेले बियाणे अशा रीतीने नावावाचून उरले, तर पुढच्या हंगामात ते पेरण्याचे कारणही उरणार नाही. जे वाचवायचे होते तेच, वाचवण्याच्या कागदपत्रांमुळे, नाहीसे झालेले असेल.

याच्या उलट दिशेचे उदाहरण शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात घडले आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांना 1983 साली आपल्या शेतातल्या 'पटेल 3' या वाणात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या राखल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवडत नेल्या. तयार झालेल्या बारीक धानाला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून 'एचएमटी' हे नाव पडले. 1998 साली कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' या नावाने सुधारित वाण प्रसारित केला आणि श्रेयाचा वाद निर्माण झाला. खोब्रागडे 3 जून 2018 रोजी वारले. एचएमटी आज मध्य भारताच्या बाजारपेठेत सर्वांना ठाऊक आहे. आता विचार करावा: शंभर वर्षांनी कोणी अभ्यासक केवळ याद्या पाहील तर त्याला काय दिसेल? एका घड्याळाच्या कंपनीचे नाव, आणि एका विद्यापीठाच्या नावाची आद्याक्षरे. ज्या डोळ्याने ती लोंबी हेरली तो डोळा यादीत सापडणार नाही. यादी लिहिणाऱ्याला जे महत्त्वाचे वाटते तेच यादीत उतरते, हे 1913 साली खरे होते आणि 1998 सालीही खरे ठरले.

मग करावे काय? याद्या फेकून द्याव्यात असे मी मुळीच म्हणत नाही. किंबहुना नागपूर, रायपूर आणि मुंबईच्या ग्रंथालयांत विखुरलेले हे सारे कागद एकत्र आणून, नावांची सर्व रूपे देवनागरीत लावून, त्यांची चिकित्सक आवृत्ती निघावी असे मला वाटते. पण तिचा वापर गुलाबवाल्यांच्या शहाणपणाने व्हावा. जे नक्की जुळत नाही ते तिच्या आधारे निश्चिंतपणे नाकारावे. 1960 च्या दशकानंतर आलेल्या बुटक्या वाणाला कोणी शंभर वर्षांपूर्वीचे नाव देऊ लागले तर यादी पुढे करून त्याला अडवावे. जे जुळल्यासारखे वाटते त्याला मात्र लगेच यादीतले नाव देऊ नये. ज्या गावी, ज्या साली, ज्यांच्याकडे ते बियाणे मिळाले त्या गावाचे आणि सालाचे नाव त्याला जोडावे, सांभाळणाऱ्याची संमती असल्यास त्याचेही नाव जोडावे, आणि ते दुहेरी अवतरणांत ठेवावे. 'चिन्नोर' आणि "पवनीकडचा चिन्नोर" हे दोन्ही कागदावर सुखाने नांदू शकतात. 2001 च्या वाणसंरक्षण कायद्यात शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदणी करण्याची तरतूद आहेच. तिचा उपयोग हे वैविध्य एका नावाखाली गोळा करण्यासाठी न होता ते वेगवेगळे नोंदवण्यासाठी व्हावा.

आणि सर्वांत निकडीचे काम म्हणजे बियाण्याची वंशावळ लिहून घेणे. हे बी कोणाकडून आले, त्यांच्याकडे कोठून आले होते, माहेरून की बाजारातून, मध्ये कधी दुष्काळात तुटले होते का, तुटले तर पुन्हा कोणी दिले. गुलाबाच्या बाबतीत काडीचा प्रवास जसा ओळखीचा खरा पुरावा असतो, तसा धानाच्या बाबतीत हा हातांचा प्रवास असतो. ही माहिती कोणत्याही गॅझेटिअरात नाही. ती आहे रोवणीला वाकणाऱ्या आणि निंदणाला बसणाऱ्या बायांकडे. पऱ्ह्याच्या जुडीत परके रोप आले तर त्या ते पानाच्या कडेवरून आणि खोडाच्या रंगावरून बाजूला काढतात. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातली लक्षणेही यांहून फार निराळी नाहीत. फरक इतकाच की पुस्तकाचे छापील पान झाले आणि या ज्ञानाचे झाले नाही. साकोलीला भात संशोधनाचे केंद्र आहे, जिल्ह्यात महाविद्यालये आहेत, झाडीबोलीचे कार्यकर्ते आहेत. कृषिशास्त्राचा एक विद्यार्थी आणि भाषेचा एक विद्यार्थी अशी जोडी गावोगाव बसली, आणि बाईने उच्चारलेले नाव तिच्याच उच्चाराप्रमाणे लिहून घेतले, तर पाच हंगामांत जी यादी तयार होईल तिच्यापुढे 1913 ची यादी फिकी पडावी.

आजची म्हातारी पिढी गेल्यावर ही यादी करता येणार नाही. मग उरतील ते केवळ जुने छापील कागद, आणि प्रत्येक जण आपल्या सोयीचे नाव त्यांतून उचलील. त्या वेळी त्याला 'हे ते नव्हे' असे सांगणारे कोणी असावे, एवढ्यासाठी तरी आज लिहून ठेवले पाहिजे.